कर्करोगाचे उपचार सुरू असताना घरात येणारी दुसरी औषधे

नागपूरहून किमोथेरपीचा पहिला डोस घेऊन रुग्ण गावी परतला, की आठवड्याच्या आत त्याच्या घरी चार-पाच दुसरी औषधे येऊन पोचतात. कोणी गुळवेलीचा काढा करून आणतो, कोणी गव्हांकुराचा रस सुचवतो, कोणाच्या मोबाइलवर लक्ष्मणफळाच्या पानांविषयीचा संदेश आलेला असतो, तर कोणाला पलीकडच्या तालुक्यातील वैदूच्या पुड्यांनी गाठ विरघळलेला माणूस ठाऊक असतो. ही औषधे आणणारी माणसे परकी नसतात. त्यांत सख्खा भाऊ असतो, विहीण असते, शेजारचे काका असतात, आणि ती सारी काळजीपोटीच आलेली असतात. म्हणूनच त्यांनी आणलेले नाकारणे घरच्यांना जड जाते आणि त्याविषयी डॉक्टरांना सांगणे त्याहूनही जड जाते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन गावीच राहते. नोकरीच्या काळात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली पुष्कळ माणसे जवळून पाहिली. पुढे माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार, ज्यांना आमच्याकडे सगळे ‘शेक’ म्हणतात, हे सर्व घरातून अनुभवले. मी डॉक्टर नाही आणि कोणाच्या उपचारात बदल सुचवण्याचा मला अधिकार नाही. परंतु गावातील माणसे आजही मला हेच विचारायला येतात, आणि ओट्यावर बसून तुकड्यातुकड्याने दिलेली उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे फार दिवसांपासून मनात होते.

माझे म्हणणे असे आहे. पोटात जाणारी किंवा अंगाला लावायची प्रत्येक गोष्ट, मग ती कितीही घरगुती असो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगितली गेलीच पाहिजे. आणि ज्या गोष्टी शरीरात काहीच घालत नाहीत, म्हणजे चालणे, श्वसन, ध्यान, भजन, हलक्या हाताने पाय चेपणे, त्यांना आज मिळते त्याहून कितीतरी मोठे स्थान रुग्णाच्या दिवसात मिळाले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पुड्या आणि काढे लपूनछपून रोज घेतले जातात, आणि रुग्णाला मात्र ‘पडून राहा, हलू नको’ असे सांगितले जाते.

मुख्य उपचार सुरू आहेत, मग सोबत दुसरे काही घेतले तर बिघडले कुठे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन अभ्यासांत चांगले सापडते. पहिल्या अभ्यासात, कर्करोग शरीरभर पसरलेला नसतानाही ज्यांनी शस्त्रक्रिया, किमो, किरणोपचार हे सर्व टाळून केवळ पर्यायी उपचार निवडले, त्यांच्या मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून अधिक होता. दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्या गावातील परिस्थितीच्या जवळ जातो. त्यातील २५८ रुग्णांनी प्रचलित उपचार घेतले होते आणि जोडीला पूरक उपचारही घेतले होते. त्यांच्याही मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट निघाला. मात्र कारण शोधले तेव्हा असे दिसले, की या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांनी किमो आणि ५३ टक्क्यांनी किरणोपचार नाकारले होते, तर इतर रुग्णांत हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्याच घरात होते. हा नकार आणि उशीर हिशेबात धरल्यावर दोन्ही गटांतील फरक उरला नाही. म्हणजे सोबतीला आलेल्या उपचाराने मुख्य उपचाराची जागा घेतली, आणि जीव तिथे गेला.

आमच्याकडे हा नकार कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. ‘एवढा कापूस वेचून होऊ द्या, मग जाऊ’, ‘सोयाबीनचा चुकारा मिळाला की पुढची तारीख घेऊ’, ‘वैद्याचा महिन्याचा कोर्स आहे, तेवढा पुरा करू’ अशा शब्दांत तो येतो. शेकाचे सलग पाच-सहा आठवडे नागपुरात राहायचे, सोबत एक धडधाकट माणूस ठेवायचा, दोघांची मजुरी बुडवायची, हे शेतमजुराच्या घराला किती अवघड आहे हे मी जाणते. अशा वेळी गावातच मिळणारी पुडी ही सोयीची वाटते आणि तारीख आपोआप मागे पडते. एखाद्या वैदूने ‘तुमचे इंग्रजी औषध बंद केल्याशिवाय माझे लागू पडणार नाही’ असे सांगितले, तर त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. ज्या उपचाराला मुख्य उपचार बंद पाडावा लागतो, तो पूरक उपचार नव्हेच.

आता पोटात जाणाऱ्या गोष्टींविषयी. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज आमच्या भागात फार खोलवर रुजलेला आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे सांगायला अंगणातील सदाफुली पुरेशी आहे. आमच्याकडे साखरेच्या आजारासाठी, म्हणजे मधुमेहासाठी, सदाफुलीची पाने चावून खाणारी माणसे घरोघरी आहेत. तसाच समज वेस्ट इंडीजमधील जमैकातही होता. तिथली पाने कॅनडातील संशोधकांकडे तपासणीसाठी गेली. मधुमेहावर त्यांचा उपयोग दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झालेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून १९५८ च्या सुमारास विनब्लास्टिन आणि त्यानंतर काही वर्षांत विनक्रिस्टिन ही औषधे हाती आली, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही दिले जाते. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते, ते शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून द्यावे लागते. जी वनस्पती पांढऱ्या पेशी कमी करते ती, किमोमुळे त्या आधीच कमी झालेल्या माणसाने बेहिशेबी चावून खाणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे. झाडात गुण असतो हे खरेच आहे. गुण असतो म्हणूनच मात्रा असते, आणि मात्रा चुकली की अपाय असतो.

गुळवेलीविषयी मी अधिक जपून बोलते, कारण तिच्यावर लोकांची श्रद्धा आहे आणि करोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे झाले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये, गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. वाद काहीही असो, किमोची अनेक औषधे यकृतातूनच निचरा होतात आणि प्रत्येक डोसापूर्वी यकृताची तपासणी त्यासाठीच होते. जाऊबाईंच्या तिसऱ्या डोसाच्या वेळी त्यांच्या यकृताचे आकडे वाढलेले आले. डॉक्टरांनी विचारले, आणखी काही घेता का? जाऊबाईंनी मान हलवून नाही म्हटले. मला मात्र चुलीजवळची काढ्याची बाटली ठाऊक होती, म्हणून मी तिथेच सांगून टाकले. “थे काई औषध नोहे, झाडपाला हाय,” असे त्या मला नंतर एस.टी.त म्हणाल्या, आणि त्यात लबाडी मुळीच नव्हती; औषध म्हणजे दुकानातून आणलेले, एवढाच त्यांचा अर्थ होता. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला, डोस पुढे ढकलला, काही दिवसांनी आकडे खाली आले आणि पुढचा उपचार पार पडला. काढ्यामुळेच आकडे वाढले होते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती बाटली लपूनच राहिली असती, तर डॉक्टरांनी किमोला दोष देऊन तिची मात्रा कमी केली असती, आणि पुढचा सगळा हिशेब चुकत गेला असता.

हळदीचेही तसेच आहे. भाजीतली, वरणातली, दुधातली चिमूटभर हळद ही अन्न आहे, तिच्याबद्दल भीती बाळगण्याचे कारण नाही. पण हळदीतील कुर्क्युमिन काढून, ते शरीरात चांगले शोषले जावे म्हणून मिरीतील पिपरिन घालून केलेल्या कॅप्सूल या वेगळ्या वस्तू आहेत. स्तनाच्या कर्करोगात अनेक वर्षे दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या गोळीचा रक्तातील सक्रिय अंश अशा जोडगोळीमुळे घटतो, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात दिसले. लसणाच्या अर्काच्या गोळ्या आणि अशीच काही पूरके रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ती सांगणे फार गरजेचे असते. कापसावर फवारताना दोन औषधे एकाच पंपात मिसळायची की नाही, हे आपण कृषी केंद्रावर विचारल्याशिवाय करत नाही. शरीराच्या बाबतीत तेवढीच चौकशी का करू नये?

लक्ष्मणफळाचा संदेश तर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्यात ते किमोपेक्षा हजारो पटींनी प्रभावी असल्याचे लिहिलेले असते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत पेशी मरणे आणि माणसाच्या शरीरातील गाठ बरी होणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि लक्ष्मणफळाने ते अंतर पार केल्याचा माणसांवरील पुरावा नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर या फळाचे व पानांच्या काढ्याचे सतत सेवन करणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार आढळल्याची नोंद १९९९ मध्ये झाली आहे. गोमूत्र अर्काच्या बाटल्यांबद्दलही मला तेच म्हणायचे आहे: त्याने माणसाचा कर्करोग बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि ज्याची श्रद्धा आहे त्यानेही तो डॉक्टरांपासून लपवू नये.

बिब्ब्याविषयी मात्र मी इतक्या सौम्यपणे बोलणार नाही. गाठीवर बिब्बा लावणे, चटका देणे, कसला तरी लेप बांधणे हे प्रकार आमच्या भागात अजून संपलेले नाहीत. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते, फोड येतात, जखम होते, तिच्यात पू होतो, आणि शस्त्रक्रियेसाठी किंवा शेकासाठी जी कातडी शाबूत हवी तीच खराब होऊन उपचार लांबणीवर पडतो. स्तनात लिंबाएवढी गाठ घेऊन येऊ शकली असती अशी बाई, लेपाखाली चिघळलेली जखम घेऊन कित्येक महिन्यांनी उपकेंद्रावर आलेली मी पाहिली आहे. वैदूकडच्या बिनलेबलाच्या पुड्यांत काय असते हे त्यालाही पुष्कळदा नीट सांगता येत नाही. काही पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेले असते, त्यामुळे दोन दिवस भूक लागते, तरतरी येते आणि गुण आला असे वाटते. भस्मे आणि धातुयुक्त गुट्या यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अमेरिकेतील बोस्टन भागात दुकानांतून विकत घेतलेल्या दक्षिण आशियाई आयुर्वेदिक औषधांच्या ७० नमुन्यांपैकी १४ नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांना मी या पंक्तीत बसवत नाही. चांगला वैद्य किमोची फाइल आधी मागतो, ती वाचतो आणि गरज पडल्यास ‘आता माझे काही नको’ असेही सांगतो.

लपवण्याची जबाबदारी केवळ रुग्णावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, पिशवीतून काढ्याची बाटली निघाली म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळ्यांसमोर ‘अडाणी’ म्हटलेले मी ऐकले आहे. तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. त्याने काढा सोडला की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यानंतर तिथे रांगेत बसलेल्या कोणीही आपली पिशवी उघडली नसेल याची मला खात्री आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांनी प्रत्येक भेटीत, रागावल्याशिवाय, ‘घरी आणखी काय काय घेता, काय लावता’ असे विचारले पाहिजे. ‘औषध घेता का’ असे विचारून चालत नाही, कारण काढा, रस, चूर्ण, लेप, अंगारा यांना आमची माणसे औषधात धरत नाहीत. आणि रुग्णाच्या घरच्यांनी एका वहीत, जे जे पोटात जाते ते तारखेसह लिहून, पुड्यांचे व बाटल्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवून, ते डॉक्टरांपुढे ठेवावे. हे काम घरातील शाळेत जाणारे मूलसुद्धा करू शकते, आणि आशाताईंनी थोडे लक्ष घातले तर गावोगावी होऊ शकते.

पथ्य हा विषय मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. पुडीबरोबर पथ्य येतेच: तेल नाही, मीठ नाही, डाळ नाही, दूध नाही, अंडे नाही, कधी कधी तर फक्त रस आणि मुगाचे पाणी. हल्ली त्यात भर पडली आहे ती ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ या समजुतीची. शरीरातील प्रत्येक पेशी साखरेवर चालते आणि खाणे तोडले की गाठीआधी माणूसच उपाशी पडतो. किमोची मात्रा रुग्णाच्या उंची-वजनावरून ठरते. वजन ढासळले, अशक्तपणा आला, की डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, जखमा भरत नाहीत आणि संसर्ग जडतो. या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरातले साधे अन्नच उपयोगी पडते. मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, तुरीचे घट्ट वरण आणि त्यात कुस्करलेली पोळी, कढी-भात, उकडलेले अंडे, भाजीत घातलेले शेंगदाण्याचे कूट, थोडे थोडे करून दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. तोंड आलेले असेल तर ठेचा, अंबाडीची भाजी आणि कडक भाकरी काही काळ बाजूला ठेवावी. ज्यांना नाकातून नळी घातलेली असते, त्यांच्या नळीतून चूर्ण किंवा कुटलेली पाने कधीही घालू नयेत. नळी तुंबते, ती बदलण्यासाठी पुन्हा शहरात धावावे लागते, आणि त्या दिवसाचे खाणेही बुडते. गव्हांकुराचा किंवा कुठल्याही पाल्याचा कच्चा रस पांढऱ्या पेशी कमी असतानाच्या दिवसांत टाळलेलाच बरा, कारण मातीतले जंतू त्याबरोबर पोटात जातात.

त्या दिवसांविषयी आणखी एक गोष्ट, आणि हे वाचून दुसरे काहीच लक्षात राहिले नाही तरी एवढे लक्षात ठेवावे. किमोनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर काढा देऊन रात्र काढू नये, तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि किमोची फाइल सोबत न्यावी. असा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर ठेवण्याइतका स्वस्त आणि उपयुक्त जोडउपचार मला दुसरा माहीत नाही.

ज्याने खरोखर बरे वाटते त्यात पहिला क्रमांक चालण्याचा लावावा लागेल. कर्करोगातील थकवा साध्या थकव्यासारखा झोपून जात नाही. या थकव्यावरील ११३ अभ्यासांचा, म्हणजे ११ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसिक आधाराच्या पद्धती या थकव्यासाठीच्या औषधांपेक्षा अधिक परिणामकारक ठरल्या. जाऊबाईंना मी सकाळी ऊन चढण्यापूर्वी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत नेत असे. पहिल्या आठवड्यात गल्लीतील बायका मला बोल लावत, की आजारी माणसाला कशाला हिंडवता. थोरले भासरेही नाराज होते. महिनाभरात जाऊबाई स्वतःच चपला घालून तयार बसू लागल्या. पुढे हार्मोनच्या रोजच्या गोळीमुळे त्यांचे सांधे आखडू लागले, तेव्हाही या चालण्याचाच आधार झाला. त्या गोळ्यांच्या सांधेदुखीवर ॲक्युपंक्चरने आराम पडतो असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२६ स्त्रियांच्या अमेरिकन अभ्यासात दिसले आहे. पण खेड्यात निर्जंतुक सुया वापरणारा प्रशिक्षित माणूस मिळणे कठीण, आणि रक्तातील प्लेटलेट कमी असताना सुया टोचून घेणे योग्य नव्हे.

मळमळीवर मुख्य औषध रुग्णालयातूनच मिळते आणि ते वेळेवर घ्यावे. त्याच्या जोडीला आल्याचा उपयोग होतो; ५७६ रुग्णांच्या अभ्यासात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीएवढ्या मात्रेने किमोच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायूबंधांच्या (हाताला लागणाऱ्या ताठ दोऱ्यांच्या) मध्ये, अंगठ्याने दाब देण्याची पद्धत काहींना लागू पडते, तिला पैसे लागत नाहीत. तोंडाच्या किंवा घशाच्या शेकात तोंड सोलवटते, तेव्हा कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून वारंवार खळखळून चुळा भराव्यात. या सोलवटण्याला आळा घालण्यासाठी मधाचा उपयोग होऊ शकतो, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आले आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शेक दिलेल्या कातडीवर मात्र तेल, हळद, कोरफड असे काहीही आपल्या मनाने लावू नये. ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढलेल्या असतात, त्या हाताला जोरात मालिश करू नये. हातपाय हलकेच चेपणे पुष्कळ झाले.

आमच्या विदर्भात खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाने, तोंडाच्या कर्करोगाचा जो कहर केला आहे, त्याबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल. इथे एवढेच, की खर्रा खाणाऱ्यांचे तोंड आधीच कमी उघडत असते, शस्त्रक्रिया आणि शेक यांनंतर ते आणखी आखडते, आणि त्यावर कोणताही काढा चालत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये ठेवून, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे हळूहळू एकेक काडी वाढवत, दिवसातून अनेकदा तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो दुखतो, कंटाळवाणा असतो, आणि न केल्यास पुढे घास आत जात नाही. ज्या घरात पुड्यांच्या वेळा काटेकोर पाळल्या जातात, त्याच घरात हा व्यायाम विसरला गेलेला पाहून मला फार वाईट वाटते.

मनाच्या स्वास्थ्याविषयी आपल्याला बाहेरून काही आणण्याची गरज नाही. ध्यान, शिथिलीकरण, योगासने, संगीत यांनी कर्करोगाच्या रुग्णांची चिंता कमी होते, झोप सुधारते, हे आता मोठ्या वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदले गेले आहे. गाठ मात्र त्यांनी विरघळत नाही, हे स्पष्ट असू द्यावे. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते आणि खंजिरीवरची भजने होतात. स्वतः राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कर्करोगानेच ग्रासले होते, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचा देह शांत झाला, आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. त्यामुळे प्रार्थना आणि रुग्णालय यांत काही विरोध नाही हे आमच्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही, ते त्यांना पटलेलेच असते. बौद्ध वस्तीतील काही जण आनापान करतात. श्वासाकडे लक्ष देण्याची ती रीत, शेकाच्या यंत्राखाली एकटे पडून राहताना फार उपयोगी पडते असे एका रुग्णाने मला सांगितले. केस गेलेल्या बाईला चारचौघांत बसायला संकोच वाटतो, म्हणून प्रार्थनेची दोन माणसे तिच्या अंगणात गेली तर अधिक चांगले. योगासने करताना हाडांत आजार पसरलेला असेल तर वाकण्या-पिळण्याची आसने आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कपालभातीसारख्या जोराच्या क्रिया टाळाव्यात. शेगावचा अंगारा कपाळाला लावावा, ताजबागेत जाऊन चादर चढवावी, नवस बोलावा. फक्त त्यासाठी किमोची तारीख चुकवू नये.

पैशांविषयी लिहिणे भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, किमो, शेक यांचा मोठा भार हलका होतो, पण पुड्यांचा खर्च खिशातूनच जातो. रुग्णालयात फुकट उपचार घेणारी माणसे महिन्याच्या पुड्यांसाठी कापसाचा सगळा चुकारा मोजतात. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार गुन्हा आहे. ‘हमखास बरा’ असे छापलेले पत्रक हाती आले, तर ते अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवता येते.

आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा वैदूंची ये-जा सर्वांत अधिक वाढते, आणि त्याच वेळी शेत गहाण पडते. या टप्प्यावर रुग्णाला आवडते ते खाऊ द्यावे, भजन हवे असेल तर भजन, एकांत हवा असेल तर एकांत द्यावा. मी या काळात कोणाचा तुळशीचा काढाही बंद करायला सांगत नाही, फक्त तो गिळताना त्रास होत नाही ना, हे पाहते. परंतु वेदनेवर उपाय काढ्यात नाही. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळीने कर्करोगाच्या बहुतेक वेदना आटोक्यात येतात, आणि २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणे सोपे झाले आहे. ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपले’ किंवा ‘त्याचे व्यसन लागते’ या भीतीने घरचे लोक गोळी देत नाहीत आणि माणूस रात्रभर ओरडत राहतो. डॉक्टर ही मात्रा हळूहळू बसवतात, सोबत बद्धकोष्ठतेचे औषध देतात आणि घरच्यांना वेळा लिहून देतात. जिल्हा रुग्णालयात गेल्यावर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक व आधार देणारी सेवा, कुठे मिळते हे स्पष्ट शब्दांत विचारावे. जुनी फाइल, गाठीच्या तपासणीचा अहवाल आणि सुरू असलेल्या सर्व गोष्टींची ती वही सोबत न्यावी. रुग्णाला नेणे शक्य नसेल तर घरातील एकाने हे कागद घेऊन जावे आणि पुढे काय करायचे ते विचारून यावे.